मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे
(न्यासाच्या व्यवसाय-वर्गातील विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त व्यवसाय-वर्गातील मुलांना काही उपयोगाचे सांगावे, अशी विश्वस्तांनी मला आज्ञा केली. मी शाळामास्तर, मोटारीचे काम हा माझा धंदा नव्हे. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण या ओरखड्यांपायी माझ्या एका विद्यार्थ्याचे काम सुटले आणि त्या नुकसानीत माझाही हात होता.

हा मुलगा दहावीत होता. पहाटे चार मोटारी पुसून मग तो शाळेला येई. एके दिवशी एका मालकांनी त्याला उन्हात उभे करून आपल्या काळ्या गाडीचे बॉनेट दाखविले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा चमकत होत्या. “तू गोल गोल घासून गाडी खराब केलीस,” असे म्हणून त्यांनी त्याचा महिन्याचा पगार अडविला. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी हात सरळच मारतो. गोल कधी फिरवीत नाही.”

तो खोटे बोलत नव्हता. या रेघा बहुधा सर्व दिशांना गेलेल्या असतात. परंतु प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा वर्तुळाच्या कडेप्रमाणे आडव्या येतात, त्याच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात. बाकीच्या दिसत नाहीत. म्हणून वर्तुळाचा भास होतो. घरातले जुने स्टीलचे ताट दिव्याखाली धरा आणि हळूहळू हलवा. दिव्याचे प्रतिबिंब सरकेल तसे वर्तुळही सरकेल.

पण ओरखडे त्याच्याच हातून पडले होते, हेही तितकेच खरे. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. काठिण्याच्या मोह्स मापात त्यांचा क्रमांक 7 आहे. साधी लोखंडी सुरीही त्याहून मऊ. कोरडे फडके धुळीवरून ओढले की ते कण रंगावर चरे पाडीत जातात. त्यात चार गाड्यांना एकच बादली! पहिल्या गाडीचा चिखल चौथीवर घासला जात होता. हे त्याला कोणी शिकविले नव्हते, मीही नाही.

आता माझी चूक ऐका. मी मालकांना म्हटले, “आम्ही पॉलिश करून देतो.” भाड्याने यंत्र आणले, सर्वांत जहाल कंपाउंड घेतले आणि बॉनेटच्या कडेवर यंत्र दाबून धरले. थोड्याच वेळात पांढऱ्या पॅडला काळा रंग लागला. जुन्या काळच्या गाड्यांना वर पारदर्शक थर नसे, त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला रंग लागणे स्वाभाविक होते. आजच्या गाड्यांत खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. पॅडला रंग लागला म्हणजे तो वरचा थर संपला. बॉनेट पुन्हा रंगवावे लागले. खर्च मी भरला, तो योग्यच होता. पण मुलाला त्या घरी पुन्हा काम मिळाले नाही.

मित्रहो, गाडीवरील सर्व थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते आणि त्यात पारदर्शक थर सुमारे 35 ते 50 मायक्रॉनचा. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो; म्हणजे हा थर केसाहूनही पातळ. ओरखडा काढणे म्हणजे तो बुजविणे नव्हे, तर त्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर झिजविणे. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारा हाच थर. न्यासाचा मूळ निधी खर्चून समारंभ साजरे केले तर काय होईल, हे विश्वस्तांना सांगावयास नको. येथेही तेच आहे.

म्हणून आधी परीक्षा करावी. नख ओरखड्यात अडकले तर तो खोल आहे. तो पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. पाणी लावताच रेघ दिसेनाशी झाली तर ती बहुधा वरच्या थरातच आहे.

मग गाडी सावलीत, थंड असताना, पुष्कळ पाणी मारून धुवावी. कपड्याचा साबण वापरू नये. घट्ट बसलेली घाण मऊ क्ले फिरवून काढावी. कडांना व उंचवट्यांना कागदी चिकटपट्टी लावावी. नंतर मऊ पॅडवर सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन वीतभर जागेवरच प्रयोग करावा. शहाणा हकीमही औषधाची सुरुवात सौम्य मात्रेने करतो. ओरखडे पुरेसे फिके झाले की थांबावे. पुसल्यावर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढून बॅटरीच्या उजेडात पाहावे, कारण तेल रेघा झाकून फसविते. रॉकेलची चमक अशीच फसवी असते. शेवटी मेण लावावे. मेण रेघा काढीत नाही, काही आठवडे झाकते व रंगाला थोडे संरक्षण देते.

पण खरा उपाय म्हणजे ओरखडे पडूच न देणे. दोन बादल्या ठेवा: एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्याची. गाडी वरून खाली धुवा. चाकांचे फडके निराळे ठेवा. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय रंगाला लावू नका. कोरडी धूळ कधीही पुसू नका.

आणखी एक. नवे काम धरताना पहिल्या दिवशी मालकांसह उजेडात गाडीभोवती एक फेरी मारा, असलेले ओरखडे दोघांनी पाहा व वहीत लिहून ठेवा. त्या मुलाजवळ अशी वही असती, तर निदान बोलावयास काही आधार असता.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्राबरोबर दोन बादल्या, चार मायक्रोफायबरची फडकी आणि एक वही द्यावी. पहिल्या संचाचा खर्च मी देतो.