सोबतच्या कामकऱ्याचा गौरव



ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगी आपण परमेश्वराचे उपकार स्मरण्यास जमलो आहोत. ते उपकार आपल्यापर्यंत ज्यांच्या हातांनी पोहोचतात, त्या सोबतच्या कामकऱ्यांविषयी चार शब्द बोलावे असे आम्हांस वाटते.

आपल्या ह्या किनाऱ्यावर पूर्वी मासेमारी आणि भातशेती हेच मुख्य उद्योग होते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे पाळ्यांचे गाव झाले. आज एकाच बाकावर वसईचा ख्रिस्ती, सातपाटीचा मांगेला, वारली, आणि बिहार, ओडिशा व झारखंडाकडून आलेला मजूर डबा उघडतात. एकमेकांचे काम ते रोज पाहतात. नाव मात्र पुष्कळदा ठाऊक नसते. 'तो बॉयलरवाला', 'ती झाडूवाली', 'तो ठेकेदाराचा माणूस', एवढ्यावर भागते.

संत पौलाचे असे भागले नसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. परंतु त्या नावांतच त्याचे मन दिसते. वीसांहून अधिक माणसांना तो नावाने सलाम सांगतो आणि कित्येकांच्या नावापुढे त्यांचे काम नोंदवितो. मरियेने किती श्रम केले, पर्सिसने किती कष्ट उपसले, हे तो विसरत नाही. प्रिस्का व अक्विला ही तर तंबू करणारी. करिंथ नगरीत पौल त्यांच्याच घरी राहून तोच धंदा करीत असे. त्यांनी आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, हे तो साऱ्या मंडळीपुढे मांडतो. आणि पत्र लिहून घेणारा तर्तिय? त्यालाही तेथे स्वतःच्या नावाने एक ओळ मिळाली आहे. लेखनिकाला इतका मान देणारे साहेब आजही थोडेच!

कोणी म्हणतील, स्तुतीने माणूस फुगतो. शिवाय उजव्या हाताचे डाव्यास कळू देऊ नये अशी प्रभूची आज्ञा आहे. खरे, पण ती आज्ञा आपण केलेल्या दानाविषयी आहे, दुसऱ्याच्या गुणाविषयी नव्हे. कफर्णहूमच्या शताधिपतीचा विश्वास प्रभूने लोकांसमक्ष वाखाणला. विधवेची दोन नाणी शिष्यांना जवळ बोलावून दाखविली. खुशामत निराळी. ती नेहमी वर चढते, जेथून लाभ व्हावयाचा तेथे जाते. गौरव बहुधा शेजारी वा खाली पाहून करावा लागतो, आणि म्हणूनच तो जड जातो.

आमच्या मते ह्यात केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन माणसे मेली, हे आपणांस स्मरत असेल. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी येथे बोलावयाचे नाही. परंतु रसायनांच्या कारखान्यात गळती, वास, नेहमीपेक्षा निराळा आवाज हे पुष्कळदा प्रथम हलक्या दर्जाच्या कामगारालाच कळते. त्याने सांगितल्यावर त्याचे नाव घेऊन आभार मानले, तर तो पुनः सांगेल. त्याच्या सूचनेचे श्रेय दुसऱ्याने लाटले, किंवा 'तुला काय कळते' म्हणून त्याला गप्प केले, तर पुढच्या खेपेस तो गप्पच राहील. आणि त्याची किंमत सबंध पाळीला मोजावी लागेल.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. शाबासकी ही मजुरीच्या ऐवजी द्यावयाची वस्तू नव्हे. अडवून ठेवलेली मजुरी आकाशापर्यंत ओरडते, असे संत याकोबाने बजावले आहे. १८९१ साली पोप तेराव्या लिओंनी कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क स्पष्ट सांगितला. ओव्हरटाइम बुडवून दिवाळीस शाल पांघरणाऱ्या मालकाचे आम्हांस कौतुक नाही.

गौरव करावयाचा तो कसा? नुसते 'छान' म्हणून नव्हे. कोणते काम, कोणत्या वेळी, कोणाच्या उपयोगी पडले, हे सांगावे. आणि शक्य तेव्हा ज्याच्या हाती त्याची बढती आहे त्याच्या कानी घालावे. पालघरच्या लोकांनी १४ ऑगस्ट १९४२ च्या पाच हुतात्म्यांची स्मृती भर चौकात जपली आहे. नाव जपणे आपल्या मुलखाला ठाऊक आहे. ते जिवंत माणसाच्या वाट्यासही यावे. पोप बाराव्या पायसांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाच्या सणासाठी नेमला. त्या दिवशीच्या मिस्सेत प्रत्येकाने आपल्या खात्यातील एका सोबत्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर ते त्यास सांगावे.

तूर्त, ज्यांनी रात्रभर खपून हा मंडप उभारला ते मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभे आहेत. त्यांची नावे अजून कोणी विचारलेली दिसत नाहीत. भोजनाच्या पंगती बसण्यापूर्वी आपण ती विचारून घेऊ या, आणि त्यांनाही पहिल्या पंगतीस बसवू या.