गांवचा पडदा आणि उसांतील शेजारी

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्यांतील दोन तालुके शिवनेरी व भीमाशंकर या नांवांमुळें सर्वांस परिचित आहेत. परंतु माणिकडोह, डिंभें आदि धरणांचें पाणी शेतांत खेळूं लागलें, ऊस वाढला, आणि तेथें एक निराळाच शेजारी वस्तीस आला. तो म्हणजे बिबट्या. उसांतच मादी विते, उसांतच पिलें वाढतात. २००१ च्या सुमारास माणसांवरील हल्ले वाढले. पुढें माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र उभें राहिलें.

अशा मुलखांत बिबट्याची वर्तणूक समजावून देणारा चित्रपट चावडीपुढें दाखविणें ही केवळ करमणूक नव्हे. रात्रीं उसाला पाणी देणारा शेतकरी व पायवाटेनें शाळेस जाणारीं मुलें यांना तो स्पष्ट दिसला व ऐकूं आला पाहिजे. आणि येथेंच बहुधा घोटाळा होतो. मंडळी जमतात, दिवे मालवतात, आणि पडद्यावर उमटतो तो नुसता निळा चौकोन!

पडद्यावर चित्र पाडण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. त्या कंदिलास दिवा, काच व भिंग एवढें पुरे होई. आजच्या प्रोजेक्टरास मात्र चित्र बहुधा तारेवाटे पुरवावें लागतें. सारी मेख त्या जोडणींत आहे.

तारा मुख्यतः तीन प्रकारच्या. जुन्या तिपेडी तारेंत पिवळें टोक चित्र नेतें, तांबडें व पांढरें ध्वनि. पंधरा सुयांची व्हीजीए तार केवळ चित्र नेते. ध्वनीची सोय निराळी करावी लागते. एचडीएमआय तार दोन्ही नेते. लॅपटॉप नवा व प्रोजेक्टर जुना असल्यास नुसतें टोक बदलून भागत नाहीं. संकेताचें रूपांतर करणारी डबी मध्यें बसवावी लागते. एचडीएमआय तार फार लांब असल्यास चित्र लुकलुकतें. म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवावा आणि ध्वनीची तार तेवढी कर्ण्यापर्यंत लांब न्यावी.

आधीं तार जोडावी, मग प्रोजेक्टर व शेवटीं लॅपटॉप सुरू करावा. तार ज्या खांचेंत बसविली तीच प्रोजेक्टरच्या ‘सोर्स’ कळीनें निवडावी. लॅपटॉपवर विंडोजची कळ व ‘पी’ एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ घ्यावें. कर्ण्यांतून घूंघूं असा नाद आल्यास सर्व यंत्रांस वीज एकाच बोर्डावरून देऊन पाहावी. खेळ संपतांच वीज तोडूं नये. पंखा थांबेपर्यंत धीर धरावा, नाहींतर तापलेला दिवा लवकर निकामी होतो. हें सर्व आदल्या संध्याकाळींच पडताळून पाहणें उत्तम.

एवढी दक्षता कशासाठीं? उसाच्या कडेस वांकून वा उकिडवें बसूं नये. रात्रीं विजेरी घेऊन, मोठ्यानें बोलत जावें. मुलांनीं एकटें फिरूं नये. सांपडलेलीं पिलें उचलूं नयेत, त्यांची आई परत येते. आणि १९२६ या क्रमांकावर वन विभागास कळवावें. या चारपांच गोष्टी डोळ्यांनीं पाहिल्या म्हणजे मनांत ठसतात. एका सैल तारेपायीं त्या अंधारांत राहूं नयेत, एवढ्यासाठींच.