‘सैराट’चा वाद्यमेळ

श्रोतेहो, २०१६ सालीं ‘सैराट’ हा मराठी बोलपट निघाला, आणि त्याचीं गाणीं मुंबईच्या दिवाणखान्यांत व आमच्या पिशोरसारख्या गांवच्या वरातींत एकाच वेळीं ऐकूं येऊं लागलीं. दिग्दर्शन नागराज मंजुळे यांचें. संगीत अजय व अतुल गोगावले या बंधूंचें. गाणीं अवघीं चार. तीं आवडलीं असें सांगणारे पुष्कळ भेटतात. कां आवडलीं याचा विचार करणारे थोडे. त्या विचारासाठीं हीं पांच-सात मिनिटें.

आपलें संगीत एकसुरी धाटणीचें, म्हणजे एका वेळीं एकच स्वर पुढें नेणारें. पाश्चात्य वाद्यवृंदांत अनेक स्वरपंक्ति एकदम चालतात व त्यांच्या मेळांतून रस उत्पन्न होतो. या दोहोंची सांगड घालतांना वाद्यांच्या गर्दींत गाणें बुडण्याचें भय असतें. गोगावले बंधूंनीं कॅलिफोर्नियांतील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत तिकडील वादकांकडून मोठा वाद्यमेळ वाजवून घेतला. पण चाल मराठीच ठेविली. ‘याड लागलं’ या गाण्यांत अजय यांचा गळा पुढें असतो, व्हायोलिनें त्याला खालून आधार देतात. कडवें संपलें कीं मग सारा मेळ भरतीच्या लाटेसारखा उसळतो. श्रेया घोषाल यांनीं गाइलेल्या गाण्यांत मुलीच्या मनाची चलबिचल आहे, तर ‘झिंगाट’मध्यें वरातीचा बेभान ठेका.

यावर कांहीं सुशिक्षित मंडळींचा आक्षेप असा, कीं खेडवळ शब्दांना हा विलायती थाट शोभत नाहीं. ‘वेड’ हा शुद्ध शब्द असतांना ‘याड’ कशाला? परंतु पेटी व व्हायोलिन हींही युरोपांतूनच आलीं. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकतांना ती परकी आहे असें कोणा रसिकास वाटलें? आणि ‘याड’ म्हणणाऱ्याचें प्रेम ‘वेड’ म्हणणाऱ्याहून उणें असतें काय? चित्रपटांत असा भव्य वाद्यमेळ बहुधा राजे व वीर यांच्या दिमतीस असावयाचा. येथें तो सोलापूर जिल्ह्यांतील एका कोळ्याच्या मुलाच्या मनासाठीं वाजतो. त्या मुलाच्या सुखाला दिलेला हा मान आहे. माझ्या मतें या संगीताचें खरें मोल त्यांतच आहे.

आतां शेवटची गोष्ट. जातीबाहेर लग्न करून दूर जाऊन राहिलेल्या या जोडप्याचा मुलीच्या माहेरचीं माणसें खून करतात. त्या अखेरच्या दृश्यांत ना गाणें आहे, ना वाद्य. तान्हें मूल रडतें, पण तेंही ऐकूं येत नाहीं. इतक्या समृद्ध नादानंतरची ती शांतता मनास चटका लावते. पुढें २०१८ सालीं ‘धडक’ या हिंदी बोलपटांत यांतील चाली गेल्या, आणि ‘झिंगाट’ तर लग्नोलग्नीं वाजूं लागलें. वरातींत त्यावर नाचणाऱ्या किती वडीलधाऱ्यांना ती शांतता आठवत असेल?

श्रोतेहो, हीं गाणीं आपण आनंदानें घरांत घेतलीं. उद्यां आपली मुलगी तसाच एखादा मुलगा घेऊन उंबऱ्याशीं उभी राहिली, तर दार उघडावयाचें कीं नाहीं, याचा विचार मात्र नाच थांबल्यावर ज्याच्या त्यानें घरीं बसून करावा.