पुरावा मागणाऱ्यांचं स्वागत



राजनोली नाक्याची कोंडी पार करून आपण भिवंडीत वेळेवर पोहोचलात, हाच काहींना ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा वाटेल. आपलं मनापासून स्वागत! शेजारच्या यंत्रमागांची खटखट व्याख्यानांत अधूनमधून येईल. ती बंद करायला सांगू शकत नाही, गावाची चूल तिच्यावर पेटते.

आता ईश्वराच्या पुराव्याबद्दल. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवाच, असं नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त रोखठोक मांडलं. उत्तराधुनिक मंडळी त्या वाटेला जात नाहीत. फ्रान्सच्या झाँ-ल्युक मारियाँ यांच्या १९८२ च्या ग्रंथाचं नावच ‘अस्तित्वाविना देव’ अशा अर्थाचं आहे. देवाला ‘असणाऱ्या’ वस्तूंच्या यादीत बसवलं की सिद्ध होते ती आपलीच कल्पना, हा त्यांचा रोख. अमेरिकेचे जॉन कपुटो २००६ च्या पुस्तकात दुर्बळ देवाची बाजू घेतात. तो सत्ता गाजवत नाही, नुसती साद घालतो. ‘अमृतानुभव’ वाचलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. स्वयंप्रकाश आत्म्याला शब्दाचा दाखला कशाला, हे ज्ञानेश्वरांनी तिथे विचारलेलंच आहे. अर्थात ज्ञानेश्वर अद्वैती, मारियाँ कॅथलिक; दोघांना एका माळेत ओवायची घाई नको.

माझी अडचण वेगळी आहे. महाकथनांवरचा, म्हणजे सगळं काही समजावून सांगणाऱ्या मोठ्या कथांवरचा विश्वास उडाला, असं निदान उत्तराधुनिक विचारवंत ल्योतार यांनी १९७९ मध्ये केलं. त्याच्या आधारे कोणी म्हणतो, तुमचा विवेकही एक कथनच, तेव्हा माझी श्रद्धा तपासू नका. हे मला पटत नाही. या गावानं १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. ज्याचं सत्य त्याच्यापाशी म्हटलं, तर दंगलीत उठलेली अफवा खोटी कशी ठरवायची? पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुसलमान एकत्र बसून मोहल्ल्यातली भांडणं मिटवू लागले, अफवेची शहानिशा करू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत कोणी कोणाला देव सोडायला सांगितलं नाही. बातमीचा पुरावा मात्र मागितला. तिथे कपुटोंचा देव होता की पोलिसांचा दंडुका, यावर आपण खुशाल भांडा.

वक्त्यांना एकच विनंती. आमचे नास्तिक मित्र पहिल्याच रांगेत बसलेत, त्यांच्या शंका टाळू नका. जेवण दीड वाजता आहे. वीज गेली तर जनरेटर आहे.