तिकीट काढणाऱ्याच्या वतीने



 आपल्यासारख्या सिनेसमीक्षकांच्या संमेलनाचा स्वागताध्यक्ष निवडताना माणसाची लेखणी कोणी बघत नाही, पदराला खार लावून घ्यायची तयारी बघतात. मी व्यापारी आहे आणि पैसे मोजून सिनेमा बघतो. त्याच नात्याने चार शब्द बोलतो.

बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाला तो फारसा रुचला नाही. १९३६ मध्ये त्याचाच बोलपट झाला. तो पाहून भारावलेल्या निर्माते जे. बी. एच. वाडियांनी पुढे एक आठवण लिहून ठेवली: अंधुक उजेडात, दुरून टिपलेली उदास झोपडी आणि त्यात फक्त कुत्र्याचे रडणे. एवढेच. पण तेवढ्यावर आमच्या बाबूरावांची ताकद आजच्या पोरालाही कळते. वाडियांनी ‘छायाचित्रण उत्तम, साडेतीन स्टार’ असे लिहिले असते, तर त्यातून आम्हाला काय कळले असते?

आपल्याकडे माझे मागणे तेवढेच आहे. पडद्यावर काय दिसले, कानांवर काय पडले ते आधी सांगा, मत मागून द्या. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. ‘संथ आहे’ असे अनेकांनी म्हटले, आणि तो आहेच. पण कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, तारखांवर तारखा पडतात, आणि एका शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून हिरिरीने बोलणारी सरकारी वकील संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, हे कोणी लिहिले की माझे मला ठरवता येते. ज्याला हे नको तो घरी बसेल, ज्याला हवे तो पहिल्या खेळाला जाईल. काही समीक्षकांशी माझे कधीच पटत नाही. तरी त्यांचे न चुकता वाचतो, कारण त्यांना नावडलेला सिनेमा मला आवडणार की नाही, हे त्यांच्याच तपशिलावरून कळते.

आता जरा कडू बोलतो, पाहुण्यांनी राग मानू नये. ‘आपला मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या’ हा सूर आता पुरे. चौघांचे कुटुंब मल्टिप्लेक्सला गेले की तिकिटे, पॉपकॉर्न, पार्किंग धरून खिसा किती हलका होतो, ते आपण जाणता. तिथे भाषेखातर सवलत मिळत नाही. कौतुकाच्या भरवशावर गेलेला माणूस एकदा फसला, की पुढच्या चांगल्या मराठी सिनेमालाही फिरकत नाही. सांभाळून घेण्याने नुकसान होते ते असे. उलट बाजूची टवाळीही तितकीच निरुपयोगी. दोन टाळीची वाक्ये मिळावीत म्हणून कोणाची वर्षभराची मेहनत चेचणाऱ्याला सिनेमाशी देणेघेणे नसते. दिग्दर्शक आपला मित्र असेल, निर्मात्याच्या खर्चाने आपण चित्रीकरण बघून आला असाल, तर तसे एका ओळीत लिहून टाका. वाचक समजूतदार आहे, तो त्या हिशेबाने वाचेल. आणि शेवट तेवढा फोडू नका.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पदरात घ्या. तांबडा-पांढरा दोन्ही रस्से आहेत, शाकाहारींची पंगत वेगळी आहे. एक विनंती मात्र आहे. उद्याच्या परिसंवादात मागच्या चार रांगा आम्ही गावातल्या साध्या प्रेक्षकांसाठी राखल्या आहेत. निबंधवाचन थोडे आवरते घ्या आणि या मंडळींना प्रश्न विचारायला वेळ द्या.