मुलांचें शिकणें आणि आपलें कर्तव्य
(ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तिचा आम्ही आनंदानें स्वीकार करतों. आपणांपैकीं बहुतेक आईबाप आहांत, कित्येक शिक्षकही आहांत. म्हणून शाळेच्या इमारती व परीक्षांचे निकाल बाजूस ठेवून, जो प्रश्न घरोघर सलत असतो तोच आम्ही आपणांपुढें मांडतों. मूल चार चार वर्षें शाळेंत जातें, तरी त्यास सरळ वाचतां कां येत नाहीं? साधी वजाबाकी कां साधत नाहीं? अशा मुलास आपण चटकन् 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतों. हा शिक्का एकदां कपाळीं बसला कीं तें मूल आपण होऊन मागच्या बांकावर जाऊन बसतें, आणि पुढें शाळेसच मुकतें. आमचें म्हणणें असें कीं, पुष्कळदां दोष मुलाच्या बुद्धींत नसून शिकविण्याच्या रीतींत असतो. आणि ती रीत सुधारण्यास फार पैसा लागत नाहीं.

याचे दाखले सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतच आहेत. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व लगतचीं संस्थानें मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें; तेव्हां हे दोन जिल्हे एकमेकांचे पाठचे भाऊच म्हणावयाचे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें नाना जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत. 'कमवा व शिका' हें या पद्धतीचें नांव सर्वश्रुत आहे. गरिबीवरील उपाय एवढ्याच दृष्टीनें तिच्याकडे पाहणें आम्हांस अपुरें वाटतें. जो मुलगा स्वतः वाफे आंखतो, त्यास लांबी-रुंदीचा गुणाकार कशासाठीं हें वेगळें सांगावें लागत नाहीं. जो भाजीपाल्याचा हिशेब ठेवतो, त्यास गणित परकें वाटत नाहीं. हातानें केलेलें काम हाच त्याचा पहिला धडा होय.

हेंच तत्त्व सातारा तालुक्यांतील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनीं अलीकडच्या काळांत वर्गांत आणलें. विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखालीं तेथील शिक्षकांनीं ज्ञानरचनावादाची कांस धरली. वर्गाच्या फरशीवर अंक व आकृत्या रंगविल्या, मुलांचे लहान गट केले, आणि मणी, खडे, काड्या त्यांच्या हातीं दिल्या. राज्यभरांतून शिक्षक त्या शाळा पाहावयास जाऊं लागले. २०१५ सालीं राज्य सरकारनें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां या शाळांचें उदाहरण सर्वांपुढें होतें.

काड्यांनीं काय साधतें, हें एका उदाहरणानें सांगतों. त्रेचाळीसांतून सतरा वजा करावयाचे आहेत. मुलापुढें दहा-दहांच्या चार जुड्या व तीन सुट्या काड्या ठेवा. सुट्या तीनांतून सात निघत नाहींत, हें तें स्वतःच पाहतें. मग एक जुडी सोडतें. आतां सुट्या तेरा झाल्या. त्यांतून सात काढल्या, एक जुडी बाजूस केली, आणि उरल्या दोन जुड्या व सहा काड्या. फळ्यावर जी केवळ आज्ञा होती, ती येथें डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट झाली. पुढें पाटीवर वजाबाकी करतांना ती सोडलेली जुडी त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते.

वाचनाचेंही तसेंच आहे. फलटण येथें डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनीं प्रगत शिक्षण संस्था स्थापिली; कमला निंबकर बालभवन ही तिचीच शाळा. अमेरिकेंत जन्मलेल्या या विदुषीनें फलटणच्या बोलीचा शास्त्रीय अभ्यास केला होता, व मराठी वाचन कसें शिकवावें याचा विचार त्यांनीं आयुष्यभर केला. सगळी मुळाक्षरें क्रमानें घोकून झाल्यावरच शब्दांकडे वळावें, ही जुनी चाल. त्याऐवजीं थोडीं अक्षरें व एखादी मात्रा घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास दिले तर? क, म, ल आणि काना एवढ्या भांडवलावर काका, मामा, काम, माल, लाल, कमाल इतके शब्द मुलाच्या हातीं येतात. अक्षर म्हणजे अर्थ, ही गोष्ट पहिल्या आठवड्यांतच त्यास उमगते व वाचण्याची गोडी लागते.

कोणी म्हणेल, हा सारा खेळ झाला. आमचे वडील तर पाढे पाठ करूनच शहाणे झाले. आम्ही पाठांतराचे शत्रु नव्हों. पाढे पाठ असावेतच. परंतु सात त्रिक एकवीस म्हणणाऱ्या मुलास चिंचोक्यांच्या सात सात दाण्यांच्या तीन ओळी मांडतां आल्या पाहिजेत. समजुतीमागून आलेलें पाठांतर टिकतें. समजुतीवांचून केलेलें परीक्षेबरोबर संपतें. मादाम माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहराच्या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तें मुलांच्या हातांस काम देऊनच. आपल्या ताराबाई मोडक यांनीं तीच दृष्टि तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत नेली, आणि महागड्या साधनांऐवजीं परिसरांतील बिया, पानें, खडे यांचा उपयोग केला.

आतां घराकडे वळूं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवीं २०२२ सालीं ग्रामस्थांनीं एक निश्चय केला. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजला कीं घरोघर दूरदर्शनसंच व मोबाईल बंद व्हावयाचे, तें थेट साडेआठपर्यंत. तेवढ्या वेळांत मुलांनीं अभ्यासास बसावयाचें. मोठ्यांनीं स्वतःचा मोबाईल खालीं ठेवला, हें यांतील खरें मर्म. बापाच्या हातीं पडदा चमकत असतां मुलास 'पुस्तक उघड' म्हणणें व्यर्थ होय. सायंघंटा वाजतांच हातचें काम थांबविण्याची रीत ज्या समाजास ठाऊक आहे, त्यास ही गोष्ट कठीण कां जावी?

म्हणून आमची विनंति तीन गोष्टींची आहे. आपल्या सभागृहाची एक खोली रोज सायंकाळीं अभ्यासासाठीं उघडी असावी, व जात-धर्म न विचारतां तेथें कोणत्याही मुलास बसतां यावें. त्या खोलींत काड्या, चिंचोके, अक्षरांचीं कार्डें व गोष्टींचीं पुस्तकें असावींत; कुलूप घातलेल्या कपाटांत नव्हेत, मुलांचा हात पोहोंचेल अशा फळीवर. आणि मूल घरीं आल्यावर 'किती गुण मिळाले?' असें विचारण्याआधीं 'आज काय शिकलास, मला करून दाखव' असें आपण म्हणावें. जें त्यास करून दाखवितां येईल, तेंच तें खरोखर शिकलें. आणि जें दाखवितां येणार नाहीं, तेथें त्यास मठ्ठ न म्हणतां त्याच्याजवळ घडीभर बसावें. एवढें केलें तर मागच्या बांकावरचें एखादें मूल तरी खास पुढें येईल.