कुबडीचे रबर कोणाच्या खात्यातून?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले. आता मी जरा आडबाजूचा विषय काढतो आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा. तुमच्यातल्या पुष्कळांनी ही नावे पहिल्यांदा ऐकली ती १९९२ साली, वावर-वांगणीची पोरे कुपोषणाने दगावली तेव्हा. तिथे ना कापूस, ना ज्वारी. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात. पाऊस आपल्या तिप्पट, आणि तरी उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. पावसावरचे एक पीक घ्यायचे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरायची. एवढ्यापुरते ते आणि आपण एकाच जातीचे, कोरडवाहू.

त्या भागातल्या अपंग माणसाला कुबडी, कॅलिपर, कृत्रिम पाय, कानाचे यंत्र मिळते कसे आणि टिकते किती, हा माझा विषय. सरकारने आता 'दिव्यांग' असा शब्द काढला आहे. शब्द बदलायला पैसे लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? कडबाकुट्टीत हात कोणाचा जातो? मळणीयंत्रात पेंढी सरकवताना बाही कोणाची अडकते? थ्रेशरसारख्या यंत्रांसाठी केंद्राने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तो गावात कोणी पाहिला असेल तर हात वर करा! शेतकरी अपघाताची गोपीनाथ मुंडे योजना तुम्हाला माहीत आहे. एक अवयव गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. तेही खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. रोजाने पेंढ्या सरकवणारा भूमिहीन त्यात बसत नाही. बरे, ज्याला मिळाले त्याचे लाख रुपये दवाखान्याच्या बिलात आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातात. गेलेल्या पायाच्या जागी पाय बसवायचा कोणी, हे त्या योजनेत कुठेच नाही.

आणि पाय काही महाग वस्तू नाही. जयपूरचा पाय १९६८-६९ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सवाई मानसिंह रुग्णालयात घडवला. विलायती पायाला वर बूट लागायचा. बूट घालून चिखलणी होत नाही आणि मांडी घालून जेवताही येत नाही. यांनी टायर रिमोल्ड करणारा वापरतो त्याच तऱ्हेने साच्यात रबर भाजून पाऊल केले. उकिडवे बसता येते, अनवाणी वावरात जाता येते. वरची नळी कशाची, तर एचडीपीई पाइपाची. आपल्या तुषार संचाचा काळा पाइप असतो, त्याच जातीचे प्लास्टिक. तो तापवायचा आणि साच्यावर ओढायचा. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी जयपूरला समिती काढली, ती हा पाय फुकट बसवते. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, आणि साधने बनवायला कानपूरला अ‍ॅलिम्को हा सरकारी कारखाना १९७२ पासून आहे.

म्हणजे वस्तू आहे, ती स्वस्तही आहे, पुष्कळदा फुकटच मिळते. मग अडते कुठे?

कुबडीखालचे रबर झिजले की ओल्या कातळावर कुबडी घसरते. रबर किरकोळ किमतीचे, पण ते पाड्यावर मिळत नाही आणि त्यासाठी कोणाच्या खात्यात पैसा नाही. कॅलिपरचा पट्टा तुटतो. पोर वाढते, कॅलिपर वाढत नाही. जव्हारला प्रगती प्रतिष्ठानची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. कानाच्या यंत्राला सेल लागतो, कानातला साचा मुलाच्या कानाबरोबर बदलावा लागतो. मूल सुट्टीत पाड्यावर गेले की सेल कोणी आणायचा? शिबिरात साधन वाटले, फोटो काढला, की सरकारच्या लेखी काम संपते. पेरणी केली, आता डवरणीला पैसे नाहीत, असा हा कारभार. तीनचाकी सायकलीचे तर बोलूच नका. ती सपाटीवरच्या डांबरी रस्त्याची वस्तू, तिला सुर्यमाळचा चढ दाखवून काय उपयोग!

माप द्यायला आणि दुरुस्तीला मोखाड्याच्या माणसाने पालघर गाठायचे म्हणजे जव्हार, विक्रमगड, मनोर ओलांडायचे. दिवस जातो, त्याचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. फुकट साधनाची खरी किंमत ही.

आता पैशाकडे या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे, असा महाराष्ट्रात हुकूम आहे. आधी ३ टक्के होते, २०१६ च्या कायद्यानंतर ५ झाले. समजा पंचायतीची वसुली २ लाख. ५ टक्के म्हणजे १० हजार. गावात अपंग २०. डोईला ५०० रुपये वाटले, सह्या घेतल्या, खर्ची पडले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर झोपड्यांची घरपट्टी ती केवढी, त्याचे ५ टक्के ते किती! पण हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून पेसाचा ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून तिथल्या पंचायतींकडे थेट येतो. त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवायचा, आणि आरोग्य हे त्यातले एक शीर्षक आहे. तिथल्या ग्रामसभेच्या हातात ही एक दोरी आहे. आपल्या बहुतेक गावांना तीही नाही.

माझे मत सांगतो. ५०० रुपयांची वाटणी बंद करावी. मोठे साधन एडिपमधून किंवा एखाद्या संस्थेकडून मिळवावे, आणि पंचायतीचा पैसा डागडुजीला राखून ठेवावा. रबर, पट्टे, रिबिटा, सेल, मापाला जायचे एसटी भाडे आणि बुडालेला रोज. दहा हजारांत हे वर्षभर निभते. दुरुस्ती जवळच हवी. जव्हारला आयटीआय आहे, वेल्डिंग शिकलेली पोरे आहेत, गावोगाव बांबूचे कारागीर आहेत. मेक्सिकोत आहोया नावाच्या डोंगरी खेड्यात १९८१ पासून अपंगांनीच स्वतःची कार्यशाळा चालवली, खुर्च्या आणि पाय तिथेच केले. ज्याला कुबडी वापरायची त्यानेच ती दुरुस्त करायला शिकावे, त्याची मजुरी निधीतून द्यावी. तो दान घेणारा राहत नाही, कारागीर होतो.

सरकारने २०२२ साली यासाठी वेगळा विभाग काढला. मंत्रालयात एक पाटी वाढली. त्या पाटीखाली कुबडीच्या रबराचे खाते आहे का, एवढे मी विचारतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांच्या खर्चाची मागच्या तीन वर्षांची नक्कल आणायची. ग्रामसेवक टाळू लागला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. आणि गावात पडून असलेली साधने मोजून या, कोणते कशामुळे बंद पडले ते शेजारी लिहा.